अळीच्या आकाराची बी

प्रिय वैष्णवी,

हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, समीक्षाच्या हाती देतो आहे. तुझा फोन हल्ली तुझ्या विमलकाकू स्वतःजवळ ठेवतात असं ती म्हणाली. माझा नंबर तर तू त्याच्याही आधी ब्लॉक केला होतास, म्हणजे फोन तुझ्याकडे असता तरी मला लिहावंच लागलं असतं. आधी कच्चं लिहून मग पक्कं करतो आहे. तू हसशील. बारावी अर्धवट सोडलेला माणूस एवढे काना-मात्रा बघतो, असं तू नेहमी म्हणायचीस. पण चुकीचं लिहिलेलं मला परत वाचवत नाही, आणि या पत्रात असा एकही शब्द नको की ज्यातून कोणी भलताच अर्थ काढेल. भलते अर्थ काढल्यावर काय होतं ते आता माझ्या घराला माहीत आहे.

आधी इकडची खबर. खेमसिंगभाऊंच्या नर्सरीत यंदा कॅलेंडुला उशिरा फुलला. पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, वाफे वाळेनात, रोपं सडली, पुन्हा टाकावी लागली. आता हायवेच्या बाजूची सगळी ओळ नारिंगी झाली आहे. हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले समोरच्या ढाब्यावर जेवतात आणि रस्ता ओलांडून नुसते बघायला येतात. गिऱ्हाईक अजूनही त्याला ‘कॅलेंडर’च म्हणतं. परवा एक बाई म्हणाली, “भाऊ, थे कॅलेंडरचे दोन गमले द्या.” खेमसिंगभाऊ मान वर न करता म्हणाले, “कोन्या सालचं देऊ, बाई?” मी पाटीवर मात्र ‘कॅलेंडुला’ असंच लिहितो, डु ऱ्हस्व. तू दाखवलं होतंस तसं.

तू पहिल्यांदा आलीस ते या फुलासाठीच. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, प्रॅक्टिकलला सूर्यफुलाच्या जातीचं काहीतरी हवं होतं आणि सूर्यफूल कुठे मिळत नव्हतं. मी म्हटलं, झेंडू घेऊन जा. तू म्हणालीस, झेंडू सगळ्याच पोरी आणतील. मग मी तुला कॅलेंडुलाचं फूल तोडून दिलं आणि तू तिथेच उलट्या क्रेटवर बसून ब्लेडने त्याचे दोन भाग केलेस. मला वाटलं, आता ही निघून जाईल. पण तू भिंग माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, “पाह्य, हे एक फूल नोहे, संघदीप. हा पुरा मोहल्ला हाय.”

मी तोवर रोज ती फुलं बघत होतो, पाणी देत होतो, पण ते मला माहीत नव्हतं. कडेची जी पाकळी आपण म्हणतो, ती एकेक पाकळी म्हणजे एकेक वेगळं फूल. तिच्या टोकाला तीन बारीक दाते असतात, ते तू नखाने दाखवलेस. आणि मधली जी गोल गादी दिसते, तिच्यात नळीसारखी इवली इवली फुलं दाटीने उभी असतात. तू सांगितलंस की या फुलात गंमत अशी, की मधली फुलं फक्त पराग देतात, त्यांना बी धरत नाही. बी धरते ती कडेच्यांना. मी विचारलं, मग मधले कायले असतात? तू म्हणालीस, “मधले मालक. काम कडेचे करतात.” आणि हसता हसता एकदम ब्लेड पुसायला लागलीस. माझी आई तुमच्या शेतात वेचणीला येते हे तुला त्या वेळी आठवलं असावं. मी ऐकलंच नाही असं दाखवून पानं चुरगाळत बसलो. त्या पानांचा चिकट वास दिवसभर बोटांना राहतो.

नंतर तू येत राहिलीस. कॉलेज सुटलं की केळापूरकडे जाणाऱ्या ऑटोची वेळ होईपर्यंत. संध्याकाळ व्हायला लागली की कॅलेंडुला मिटतो, ते आपलं घड्याळ होतं. पाकळ्या वर उचलायला लागल्या की तू पिशवी उचलायचीस. आभाळ आलं की तो दुपारीच मिटायचा, मग तू त्याच्यावर चिडायचीस, “काहून रे, तुले एवढी कायची घाई?” खेमसिंगभाऊ आतून ओरडायचे, “बाई, त्यायले नका बोलू, थे सरकारी टायमावर चालतात.” आपण एकमेकांचे कोण होतो हे मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे. कागदावर ते आलं तर समीक्षाच्या पिशवीतून कुठे जाईल सांगता येत नाही.

फुलं वाळली तेव्हा तू मला त्यांच्या बिया शिकवल्यास. एकाच फुलात तीन तऱ्हेच्या. सगळ्यात बाहेरची लांब, चोचीसारखी वाकडी, पाठीवर काटे. तिच्या आतली होडीसारखी, दोन्ही बाजूंनी पंख फुटलेली. आणि सगळ्यात आतली लहान, गोल वळलेली, पाठीवर आडव्या वळ्या. मी ती तळहातावर घेतली आणि दचकून टाकून दिली. तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, पुस्तकातसुद्धा तेच लिहिलं आहे, ही बी अळीसारखी दिसते. आपण कापसाच्या मुलखातली माणसं, बोंडात वळलेली अळी पाहून पाहून डोळे फुटलेले, आपल्याला पुस्तकाने सांगायची गरज नव्हती. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. तिन्ही बियांच्या आकृत्या काढून नावं दिली म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी पेढे आणलेस. एक मला, एक खेमसिंगभाऊंना, आणि एक माझ्या आईसाठी कागदात गुंडाळून. आईने तो खाल्ला नाही, दोन दिवस ठेवून बघत राहिली. मग मीच खाल्ला.

गेल्या मार्चमध्ये तू बी मागितलीस. म्हणालीस, दसरा झाला की अंगणात लावीन, ओट्याच्या दोन्ही बाजूंनी, रोज सकाळी उघडताना बघत जाईन. मी आणि आईने सुपावर पाखडून चांगली भरदार बी निवडली. मी पुडी बांधून वर नाव लिहायला घेतलं तेव्हा तूच हात धरलास. “नाव नको टाकू. तुयं अक्षर आमच्या घरी वयखतात.” खरं होतं. तुमच्या अंगणातल्या कुंड्यांवरच्या पाट्या माझ्याच होत्या. मग तू तुझ्या जुन्या ब्लाउजच्या कापडाचा लाल तुकडा आणलास आणि तुझ्या हाताने त्यात बी बांधलीस. मी सांगितलं, पावसाळ्यात कीड लागते, आमच्या चुलीची थोडी राख घाल आणि कडुनिंबाची वाळलेली पानं. तू तसंच केलंस. घट्ट गाठ मारलीस आणि दातांनी ओढून बघितलीस.

ती गाठ तू कापसाच्या खोलीत कोनाड्यात ठेवलीस हे मला नंतर कळलं. उन्हाळ्यात ती खोली रिकामी असते, तिकडे कोणी फिरकत नाही, म्हणून ठेवली असशील. दसरा आला तेव्हा तुझ्या सोयरिकीचं बोलणं सुरू झालं होतं. तू नर्सरीत येणं थांबवलंस. साक्षगंध झालं, मुलगा वणीकडचा आहे, एवढं समीक्षाने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. वैष्णवी, तेवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं. तुझ्या घरचे आणि माझ्या घरचे एका पंगतीत बसत नाहीत हे आपल्या दोघांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी काही मागितलं नव्हतं, तूही काही कबूल केलं नव्हतंस. मी फक्त तुमच्या घरावरून जाणाऱ्या वाटेने जाणं सोडलं.

यंदा अळी आली ती तुमच्याच शेतात नाही, सगळ्या शिवारात आली. पण तुमच्या शेतात ती पहिल्यांदा आईला दिसली. एका बोंडात बोट घातलं तर आत गुलाबी अळी. आई ते बोंड घेऊन बांधावर तुझ्या बाबांकडे गेली आणि म्हणाली, “भाऊ, यंदा लक्षन बरं नाई, हे पाहा.” ती एवढंच म्हणाली. पंधरवड्यात निम्मी बोंडं फुकट गेली. आणि मग कापूस गाडीत भरताना तुझ्या काकूला कोनाड्यात ती लाल चिंधी सापडली. उघडली तर राख, निंबाची पानं, आणि वळलेल्या, वाळलेल्या, आडव्या वळ्यांच्या बारीक बारीक अळ्या.

मी तिथे नव्हतो. पण कसं झालं असेल ते मला दिसतं. काकूने ती चिंधी चिमट्यात धरून अंगणात आणली म्हणे. वेचणीच्या बाया तिथेच बसल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, “अळी बांधली हो, घरातच अळी बांधली!” तो शब्द एकदा तोंडातून निघाल्यावर मग काही उरलं नाही. खोलीत कोण कोण गेलं होतं? सगळ्याच बाया ओझं टाकायला गेल्या होत्या. पण बाकीच्या आपल्या होत्या, असं काकू म्हणाल्या. आणि अळी आली हे सगळ्यांच्या आधी कोणाला माहीत होतं? “तिले आंधीच कसं समजलं?” माझी आई डोक्यावरचा पदर सावरत उभी होती. तिने ती बी पाहताक्षणी ओळखली होती. तिनेच तर सुपावर पाखडली होती. पण ती बोलली नाही. ही आमच्या घरची बी आहे म्हणाली असती, तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता, आणि त्याच्या पुढचा तुझ्यावर.

मला निरोप आला तसा मी नर्सरीतून एक कॅलेंडुलाची कुंडी आणि गेल्या वर्षीचं वाळलेलं फूल घेऊन तुमच्या अंगणात आलो. तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस. मी ते फूल सगळ्यांसमोर चुरलं, तळहातावर बी घेतली, चिंधीतल्या बीशेजारी ठेवली. म्हटलं, काका, ही अळी नाही, ही फुलाची बी आहे, दोन्ही सारख्या आहेत, पाहा. तुझे बाबा वाकून बघायला लागले. वामनराव वाईट माणूस नाही, वैष्णवी, हे मी आजही म्हणतो. त्यांना पटत होतं. पण काकू म्हणाल्या, “मंग हे आमच्या घरात आली कशी?” मी गप्प बसलो. आता सगळे म्हणतात की पोरगा गप्प बसला म्हणजे मायलेकाचंच काम. मी कोणासाठी गप्प बसलो ते तुला माहीत आहे.

मग तुझे बाबा तुझ्याकडे वळले. त्यांनी काय विचारलं ते मला झोपेतसुद्धा ऐकू येतं. “वैष्णवी, तू तर याचंच शिकून राह्यली. सांग बरं, बी हाय का हे?” त्यांनी कोणी दिली हे विचारलं नाही. कशी आली हे विचारलं नाही. बी आहे का, एवढंच. ज्या प्रश्नाचं उत्तर तू आकृती काढून, नावं देऊन लिहिलं होतंस, तो प्रश्न. सगळं अंगण तुझ्याकडे बघत होतं. आईसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा थोडी आशा दिसली, कारण तू शिकलेली आहेस आणि तू तिच्यासाठी पेढा पाठवला होतास. तू माझ्या हातातल्या बीकडे नीट पाहिलंस आणि म्हणालीस, “मले नाई माहीत, बाबा. अशी बी मी कधी पाह्यली नाई.”

मी त्या वाक्यात तुझी बाजू शोधली. खूप शोधली. घाबरली असेल, काकू मागे उभ्या होत्या, सोयरीक मोडेल असं वाटलं असेल. पण तू नुसतं ‘माहीत नाही’ म्हणू शकली असतीस. ‘कधी पाहिली नाही’ हे तू वरून जोडलंस. ते जोडायला तुला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आईला कोणी वेचणीला बोलावलं नाही. तुमच्याकडेच नाही, कोणाकडेच. हातपंपावर ती गेली की बाया घागरी उचलून बाजूला होतात, भांडत नाहीत, नुसत्या बाजूला होतात. लहान लेकरं आमच्या दारासमोरून पळत जातात. माझ्या आईने आयुष्यात कधी अंगारा लावला नाही, कोणाला लावू दिला नाही. मी लहानपणी तापाने फणफणलो होतो तेव्हा शेजारीण लिंबू उतरवायला आली, तर आईने तिला हात धरून बाहेर काढलं आणि मला खांद्यावर टाकून पांढरकवड्याच्या दवाखान्यात चालत गेली. त्या बाईवर करणीचा आळ आला. ती म्हणते, “घाबरली असन रे पोरगी. तिचं नाव घेऊ नको. लगन मोडलं त मले चांगलं वाटन काय?” खेमसिंगभाऊ ठाण्यात चल म्हणाले, कायदा आहे म्हणाले, स्वतः सोबत येतो म्हणाले. आईने त्यांनाही हात जोडले.

आता हे पत्र का, ते. काल संध्याकाळी तुमच्याकडून दोन माणसं आमच्या घरी आली. भगताने सांगितलं आहे की घरात बांधलेली अळी सुटल्याशिवाय तुझी हळद लावता येणार नाही. जिनं बांधलं तिनंच सोडायचं. रविवारी मारुतीच्या पारासमोर, गावासमक्ष, हातात नारळ घेऊन आईने म्हणायचं, ‘मी बांधलं होतं, मी सोडते.’ तेवढं केलं की मग पुन्हा कामाला बोलावू, कोणी काही बोलणार नाही, असं ते म्हणाले. आई ओट्यावर बसून ऐकत होती. ती हो म्हणाली. का म्हणालीस असं मी विचारलं, तर म्हणाली, “मायं वय झालं. तिचं सारं व्हायचं हाय.” वैष्णवी, ती गाठ माझ्या आईने बांधली नव्हती. ती कोणी बांधली हे या गावात तिघांना माहीत आहे, आणि त्यातली एक खोटं बोलली, दुसरी तिला वाचवायला खोटं बोलणार आहे.

मी ते होऊ देणार नाही. रविवारी आईच्या हातात नारळ येण्याआधी मी उभा राहणार आहे, आणि बी कोणी दिली, कोणाला दिली, चिंधी कोणाच्या ब्लाउजची, कोनाड्यात कोणी ठेवली, सगळं सांगणार आहे. तुझं नाव घेऊन सांगणार आहे. तिथे ऐकलं नाही तर खेमसिंगभाऊंसोबत ठाण्यात जाऊन तेच सांगणार आहे. माझं काय होईल याचा विचार मी रोज करतो, तरी सांगणार आहे. त्याच्या आधी तू बाबांना एवढंच म्हणालीस की ही बी आहे, मी ओळखते, तर मला तोंड उघडायची गरज पडणार नाही. माझं नाव तू घेऊ नकोस, मी तुझं घेणार नाही. मी विनवणी करत नाही आणि धमकी देत नाही. तुला आधी कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं. त्या दिवशी आई तुमच्या अंगणात आली तेव्हा तिला कोणी आधी कळवलं नव्हतं.

खाली ‘तुझाच’ लिहायला घेतलं होतं. ‘च’ खोडला, मग सगळाच शब्द खोडला.

तुळसाबाईचा मुलगा,
संघदीप